बाबा कुणाचा?

(मराठी भाषा गौरव दिनानिमित्त नाशिकमध्ये ज्येष्ठ नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

पत्रिकेवर विषय मोठा भारदस्त छापला आहे: 'परस्परांशी नाते नसलेल्या भाषांमधील समान शब्द'. फोनवर मी एवढंच म्हटलं होतं की मला 'बाबा' या शब्दावर बोलायचंय. दोन्ही एकच आहे म्हणा. जगात एकमेकींशी काडीचं नातं नसलेल्या कितीतरी भाषा आहेत आणि त्यांतल्या घराघरांत बाबा आहे. तो कुणी कुणाकडून घेतला, की कुणीच कुणाकडून घेतला नाही, हे मला तासाभरात सांगायचंय. घड्याळ समोरच लावलंय, ते बरं केलंत.

आज २७ फेब्रुवारी. तात्यासाहेबांचा वाढदिवस. बाहेरगावचे लोक कुसुमाग्रज म्हणतात, वि. वा. शिरवाडकर म्हणतात. नाशकात ते तात्यासाहेब. माझ्या पिढीतल्या नाशिककराच्या तोंडी दुसरं नाव पटकन येतच नाही. पण तात्या म्हणजे काय? संस्कृतात 'तात' म्हणजे बाप. रोममध्ये लहान मुलं बापाला 'ताता' म्हणत. रुमानियात आणि पोलंडमध्ये आजही ताताच म्हणतात. इथवर नवल नाही, या सगळ्या एकाच इंडो-युरोपीय कुळातल्या भाषा. पण तेलुगूत आणि कन्नडमध्ये 'ताता' म्हणजे आजोबा, तमिळमध्ये 'तात्ता' म्हणजे आजोबा, आणि या द्राविडी भाषा. त्याच्याही पुढे जा. दक्षिण अमेरिकेत बोलिव्हिया आणि पेरूच्या उंच डोंगरांत आयमारा नावाची भाषा बोलतात. तिच्यात बापाला ताता म्हणतात. तिथे आपलं कोण गेलं होतं शिकवायला?

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहा. येवल्याचे रामचंद्र पांडुरंग टोपे, ते तात्या टोपे. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके, ते दादासाहेब. भगूरच्या सावरकरांच्या घरात थोरले गणेशपंत बाबाराव, मधले विनायकराव तात्याराव आणि धाकटे नारायणराव बाळ. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. त्यात ज्यांनी स्वतःला झोकून दिलं ते भाऊराव गायकवाड आपले दादासाहेब, आणि ज्यांच्या नेतृत्वाखाली तो झाला ते बाबासाहेब. त्याच बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली. ता-ता, दा-दा, बा-बा. मंडळी, ही पाळण्यातली अक्षरं आहेत. दात न आलेल्या बाळाच्या तोंडून निघणाऱ्या आवाजाला राव आणि साहेब जोडून आपण आपल्या सर्वांत मोठ्या माणसांना हाक मारतो. इतक्या वर्षांनीही मला याचं नवल वाटतं. हातातलं काम थांबतं आणि मी पुटपुटते, ता-ता, दा-दा, बा-बा.

हे वेड लागलं कधी, ते सांगते. थोडं लांबेल, पण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

२०१५ च्या सिंहस्थात मी एका हरवले-सापडले केंद्रावर स्वयंसेवक होते. शाळेतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. तपोवनातून रामकुंडाकडे जाणाऱ्या वाटेवर मांडव टाकलेला. एक टेबल, एक रजिस्टर, एक भोंगा, पाण्याचे जार आणि बिस्किटांचे पुडे. पर्वणीचा दिवस. सकाळी साडेनऊच्या सुमाराला एका बाईंनी चार-साडेचार वर्षांचं पोर आणून माझ्यासमोर उभं केलं. पिवळा शर्ट, बटणं एक घर चुकवून लावलेली. एका मुठीत अर्धं केळं. साल काळी पडायला लागली होती, पण तो ते खातही नव्हता आणि टाकतही नव्हता. रडत नव्हता, हे मला विशेष आठवतं. नाव काय रे तुझं? "बाबा." कुणाबरोबर आलास? "बाबा." बाबा कुठायत? त्याने बाहेरच्या गर्दीकडे बोट केलं.

आता त्या गर्दीत बाबांना काय तोटा! जटांचे बाबा, भस्म फासलेले बाबा, छत्रीखाली बसलेले बाबा. आमच्यातल्या एकाला वाटलं, पोर कुठल्या तरी आखाड्यातून आलंय, कुणा साधूबरोबर असणार. त्याने दोन ठिकाणी निरोप धाडले. मी म्हटलं, अहो, एवढंसं लेकरू आहे, ते बापाला हाक मारतंय. मग मीच भोंगा हातात घेतला आणि हिंदीतून सांगायला लागले की पिवळा शर्ट घातलेल्या मुलाच्या पिताजींनी ताबडतोब केंद्रावर यावं. दर दहा मिनिटांनी. पिताजी, पिताजी, पिताजी. दुपारचे साडेबारा झाले. पिवळ्या शर्टाची पोरं त्या दिवशी पन्नास असतील. दोन बाप धावत आले, मुलगा पाहिला आणि मान हलवून परत गेले. प्रत्येक वेळी पोर उठून उभं राहायचं आणि पुन्हा बसायचं. ते बसणं मला पाहवत नव्हतं.

मग एक म्हातारी यात्रेकरू पाणी प्यायला मांडवात टेकली. बलिया जिल्ह्यातली होती. पोराचं 'बाबा' तिने ऐकलं, त्याच्याशी भोजपुरीत दोन शब्द बोलली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बहनजी, इसके दादा को बुलाइए. हमारे यहाँ बाबा दादा को कहते हैं."

दादा म्हणजे त्यांच्याकडचे आजोबा. पोराचा बाप मेळ्यात आलेलाच नव्हता, तो गावी होता. तीन तास मी नसलेल्या माणसाला हाका मारत होते.

पुढे काय झालं ते सांगते, पण आधी त्या रात्रीचं सांगू द्या. घरी आले, पाय गरम पाण्यात बुडवून बसले आणि डोक्यात एकच. मी आयुष्यभर मराठी शिकवलं आणि माझ्याच घरातला शब्द मला कळला नाही. आवाज तोच, माणूस वेगळा. आणि भोजपुरी ही तर आपल्या मराठीची चुलतबहीण! मग जी भाषा आपल्या नात्यातलीच नाही, तिच्यात काय होत असेल? त्या रात्री जे शोधायला लागले ते अजून संपलेलं नाही.

आफ्रिकेत स्वाहिलीत बाबा म्हणजे बाप. नायजेरियातल्या योरुबात बाप. तुर्कीत बाप. चिनी भाषेत बाप, आणि चीनमधल्या तिसऱ्या शतकातल्या कोशात तो शब्द नोंदलेला आहे. इटलीत फ्लॉरेन्सच्या बाजूला बापाला 'बाब्बो' म्हणतात. दान्तेने नरकाच्या तळाचं वर्णन करण्याआधी म्हटलंय की हे काम मम्मा आणि बाब्बो म्हणणाऱ्या जिभेचं नव्हे. सातशे वर्षांपूर्वीच्या कवीलासुद्धा ठाऊक होतं की ही जीभ वेगळी.

आता गंमत बघा. रशियात बाबा म्हणजे बाई, खेडवळ बाई, आणि बाबुश्का म्हणजे आजी. जपानीत बाबा म्हणजे म्हातारी. मात्र तोंडावर म्हणू नये, उर्मट समजतात. हंगेरीत बाबा म्हणजे बाहुली किंवा तान्हं बाळ. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणतंय की आपल्याकडेही बाबागाडी आहेच. अगदी बरोबर! बाबागाडीत बाप बसत नाही. आणि आपण मुलाला काय म्हणतो? "जेव रे बाबा." मैत्रीण मैत्रिणीला म्हणते, "मला नाही बाबा जमणार." हा बाबा कोण? बाप नाही, मुलगा नाही, समोर पुरुषच नाही. आपल्या एकाच भाषेत हा शब्द बाप आहे, बाळ आहे, गाडगेबाबा आहे, आणि नुसता सुस्काराही आहे.

मुलालाच बाबा म्हणायचं, ही रीत एकट्या आपली नाही. अरबी बोलणाऱ्या कितीतरी घरांत बाप आपल्या मुलाला हाक मारताना 'बाबा'च म्हणतो आणि आई मुलाला 'मामा' म्हणते. आपलं नातं ते मुलाच्या तोंडातच घालतात. 'तात' शब्दाचंही तसंच. तो बापाला म्हणायचा आणि मुलालाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात चाळिसावा श्लोक आहे, 'न हि कल्याणकृत्कश्चिद् दुर्गतिं तात गच्छति'. तिथे श्रीकृष्ण अर्जुनाला तात म्हणतो. एवढं मोठं आश्वासन द्यायचं, चांगलं करणाऱ्याचं वाईट होत नाही असं सांगायचं, आणि त्यात हाक कुठली, तर घरातली. मला तो श्लोक त्या एका शब्दासाठी आवडतो.

माझी मोठी नात कोरियन मालिका बघते. एकदा धावत आली, "आजी, ते लोक मराठी बोलतात! बाबांना आप्पा म्हणतात!" खरंच म्हणतात. कोरियनमध्ये आप्पा म्हणजे बाबा, आणि आई 'ओम्मा'च्या जवळपास. तमिळमध्ये आप्पा-अम्मा. तिला सांगितलं की तुझ्यासारखंच अनेकांना वाटलंय. कोरियन आणि द्राविडी भाषा सख्ख्या, असं मांडणारं पुस्तक होमर हल्बर्ट नावाच्या अमेरिकन माणसाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच लिहिलं होतं. भाषाशास्त्रज्ञांनी ते स्वीकारलं नाही. आप्पा-अम्मा हा नात्याचा पुरावा होतच नाही. का होत नाही, तेच तर आजचं व्याख्यान.

जरा सगळ्यांनी एक करून बघा. लाजू नका. नाक चिमटीत घट्ट धरा आणि म्हणा, "मामा." मोठ्याने. ऐकू आलं? बाबा झालं! ओठ तेच, ते मिटतात तेही तसेच. हवा नाकातून जाऊ दिली की म, कोंडली की ब. तोंड मोठ्ठं उघडलं की आ. यापेक्षा सोपं माणसाच्या तोंडाला काही करता येत नाही. 'क'साठी जीभ मागे न्यावी लागते, 'र'साठी कसरत, 'ळ' तर कितीतरी मुलांना शाळेत गेल्यावर साधतो. ओठ मात्र दूध पिऊन पहिल्या दिवसापासून तयार असतात.

धाकट्या नातवाचं मी रोज पाहिलं. आठवा महिना लागलेला. नाचणीची पेज भरवत होते. चमचा पुढे नेला की तोंड आ, ओठ चमच्यावर मिटले की गप्प, चमचा काढला की आवाज, पुन्हा मिटले. बाबाबाबाबा. हनुवटीवरून पेज ओघळतेय आणि ह्याचं बाबाबाबा चाललंय. समोर भिंत. माझा मुलगा कामावर गेलेला. बाळ कुणालाही हाक मारत नव्हतं! ते आपल्याच ओठांशी खेळत होतं. पण मी काय केलं? ताबडतोब फोन लावला, "अरे, तुला बाबा म्हणाला!" पलीकडे मुलगा रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून ऐकत राहिला. मी फोन बाळाच्या तोंडाशी धरला. ते फोन चाटायला लागलं.

मंडळी, माझं सगळं म्हणणं त्या फोनमध्ये आहे. आवाज बाळाचा. शब्द आपण केला. बाळ सहा ते दहा महिन्यांचं असताना जगात कुठेही मामा, बाबा, ताता, दादा, नाना असलं बडबडतं. ऐकणारी माणसं आसुसलेली असतात. ती म्हणतात, हे मला म्हणाला! आणि तो आवाज ज्याच्या वाट्याला त्या घराने, त्या गावाने, त्या भाषेने घातला, त्याचा तो होतो. कुठे बापाचा, कुठे आजोबाचा, कुठे आजीचा, कुठे त्या बाळाचाच. बाबाला कुणी आणलेलं नाही. तो प्रत्येक पाळण्यात नव्याने जन्मतो.

हे मी काढलेलं नाही. रोमान याकोबसन नावाचे फार मोठे भाषाशास्त्रज्ञ होऊन गेले, जन्म मॉस्कोचा १८९६ चा, पुढे अमेरिकेत गेले. 'मामा आणि पापा का?' अशाच नावाचा त्यांचा निबंध १९६० साली छापला गेला. जॉर्ज मर्डॉक या मानववंशशास्त्रज्ञाने जगभरातून आई-बापांसाठीचे १०७२ शब्द जमवले होते, ५३१ आईचे आणि ५४१ बापाचे. त्यांत आईच्या शब्दांपैकी ५५ टक्क्यांत म, न यांसारखे नाकातले व्यंजन सापडलं. बापाच्या शब्दांत फक्त १५ टक्क्यांत. याकोबसन म्हणाले, बाळ अंगावर पीत असतं तेव्हा तोंड गुंतलेलं, मोकळं फक्त नाक. तेव्हा जे गुणगुणणं निघतं ते म्म. पुढे भूक लागली की तेच म्म, आणि ती भागवायला येते आई. हे वाचलं त्या रात्री मी माझ्या सुनेला झोपेतून उठवून सांगितलं होतं.

आता माझी एक तक्रार आहे आणि ती मी करणार आहे.

काही वर्षांपूर्वी शुद्ध मराठीच्या एका कार्यशाळेला गेले होते. कुणाची, ते सांगत नाही. चांगल्या हेतूने भरवलेली होती. दारातच एक गुलाबी कागद हातात दिला. डावीकडे परकीय शब्द, उजवीकडे स्वकीय. डाव्या रांगेत 'बाजार', त्याच्याखाली 'बाबा'. उजवीकडे 'पिताश्री'. मी उठून विचारलं, बाबा परका कसा? उत्तर आलं, कोशात फारसी दिलंय. असेल. मीही कोशात पाहिलंय. पण माझं दुःख वेगळंच आहे. माझ्या शेजारी एक मुलगी बसली होती, मांडीवर वर्षभराचं बाळ. तिने हात वर करून विचारलं, "हा आत्ताच बाबा म्हणायला लागलाय. मग त्याला म्हणू देऊ नको का?" वरून उत्तर आलं, "सवय लावली की लागते." तिने मान हलवली, बाळाकडे पाहिलं आणि कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. तिचा तो पडलेला चेहरा मी अजून विसरलेले नाही. लेकराच्या पहिल्या शब्दावर, ज्याची आईबाप वर्षभर वाट पाहतात, त्याच्यावर तुम्ही परकेपणाचा शिक्का मारता? कशाच्या आधारावर?

फारसीत बाबा आहे. पिराला, फकिराला आदराने बाबा म्हणण्याची आपली रीत फारसीच्या सहवासात वाढली असेल, मी ते नाकारत नाही. पण घरातला बाबा आणायला इराणला जावं लागत नाही. वलभीचे मैत्रक राजे पाचव्या ते आठव्या शतकातले. त्यांच्या ताम्रपटांत 'बप्पपादानुध्यात' असं येतं, म्हणजे बापाच्या चरणांचं ध्यान करणारा. तो बप्प म्हणजेच आपला बाप, आणि आपण मोरया म्हणून ज्याला निरोप देतो तो बाप्पा. ज्ञानोबांच्या अभंगांची मुद्राच आहे 'बाप रखुमादेवीवरू'. आईबापांना लहानपणीच पारखं झालेलं ते लेकरू, थोरले निवृत्तीनाथ आपल्या त्र्यंबकला समाधिस्थ आहेत, ते बाप कुणाला म्हणतं, तर विठ्ठलाला. असो, त्या वाटेला गेले तर परत येणार नाही. आणि भाषाशुद्धीचाच दाखला हवा असेल, तर ज्या तात्यारावांनी मराठीतून परके शब्द काढायला आयुष्यभर लेखणी झिजवली, त्यांच्या थोरल्या भावाचं घरातलं नाव बाबाच होतं.

उलट टोकाचं दुखणंही तितकंच जुनं. रोज सकाळी मोबाइलवर येतं की मदर आपल्या मातृवरून, डॅडी आपल्या दादावरून, जगाला बोलायला आपणच शिकवलं. भाषेवर इतकं प्रेम असताना तिचा खरा इतिहास जाणून घ्यायला वेळ का काढू नये? तो इतिहास या गप्पांपेक्षा शतपट सुंदर आहे.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. म्हणजे ज्यासाठी तुम्ही मला बोलावलंत ते आता पळतच सांगावं लागणार. चालेल, मुद्दे पक्के आहेत.

दोन भाषांत सारखा शब्द दिसला की चार शक्यता तपासायच्या. पहिली, रक्ताचं नातं. मातृ आणि मदर, पितृ आणि फादर. विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात सांगितलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून निघाल्या असाव्यात. इथे खूण काय, तर फरकसुद्धा शिस्तीत पडतो. संस्कृतचा प इंग्रजीत फ होतो: पितृ-फादर, पाद-फूट. एका शब्दाने नातं ठरत नाही, अशा शेकडो जोड्यांनी ठरतं. आणि लक्षात घ्या, संस्कृत इंग्रजीची आई नाही, मोठी मावशी म्हणा हवं तर.

दुसरी, उसनवारी. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात क्रेटच्या क्रेट टोमॅटो उतरतात. तो शब्द मेक्सिकोतल्या नाहुआतल भाषेतला 'तोमात्ल'. बटाटा कॅरिबियन बेटांवरचा, अननस दक्षिण अमेरिकेतला, दोन्ही पोर्तुगीजांबरोबर आले. चहा चिनी, जगात निम्म्या ठिकाणी चा आणि चाय, निम्म्या ठिकाणी टी, कारण डच व्यापाऱ्यांनी तो फुजियान किनाऱ्यावरून नेला आणि तिथे त्याला 'ते' म्हणत. इथे वस्तू आणि शब्द एकत्र प्रवास करतात, वाट दाखवता येते. उसन्या शब्दाला बंदर असतं. आपल्या घरांतले मम्मी-पप्पा असे आलेले आहेत बरं का! आवाज बाळाचाच, पण आपल्याकडे ते पाळण्यातून नाही, इंग्रजीतून आले. म्हणजे एकच जातीचा शब्द एका घरात जन्मलेला आणि दुसऱ्यात दत्तक असू शकतो. हे फार महत्त्वाचं आहे, मला यावर अजून बोलायचं होतं.

तिसरी, निव्वळ योगायोग. फारसीत 'बद' म्हणजे वाईट आणि इंग्रजीत 'बॅड' म्हणजे वाईट, संबंध शून्य. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला म्बाबाराम नावाची भाषा होती. डिक्सन नावाचे अभ्यासक तिथे गेले. कुत्र्याला काय म्हणतात विचारलं, तर उत्तर आलं, "डॉग." त्यांना वाटलं, इंग्रजीतून घेतला असेल. नाही! तो त्या भाषेचा स्वतःचाच शब्द, शेजारच्या भाषांमधल्या जुन्या शब्दापासून ध्वनी बदलत बदलत तिथे पोचलेला.

चौथी बाबाची. नातं नाही, उसनं नाही, आणि योगायोगही नाही, कारण योगायोग इतक्या ठिकाणी होत नाही. तोंड एकसारखं आणि आसुसलेपण एकसारखं, म्हणून शब्द एकसारखा. पुरावा काय? अपवाद. जॉर्जियाच्या भाषेत 'मामा' म्हणजे बाप आणि 'देदा' म्हणजे आई. राजधानीला ते देदाकलाकी म्हणतात, आईशहर. ऑस्ट्रेलियातल्या पित्यान्तयात्यारा भाषेतही मामा म्हणजे बाप. जपानीत आजचा 'हाहा' म्हणजे आई, आणि तो जुन्या 'पापा'वरून आला. तमिळमध्ये आणि आपल्याकडे मामा आईचा भाऊ. अक्षरं सगळीकडे त्याच मूठभरातली, वाटणी मात्र ज्याच्या त्याच्या घरची. उसनवारी असती तर शब्दाबरोबर अर्थही आला असता.

'आई'वर बोलायचं राहिलं. तिच्यात म नाही, ब नाही, ओठ मिटतच नाहीत, नुसते दोन स्वर, आणि तमिळच्या जुन्या 'आय्'शी तिचं काय नातं आहे... नाही, ते नाही मावणार. अत्ता, अता, आत्या हेही राहिलं. चौथ्या शतकातल्या गॉथिक बायबलात देवबापाला अत्ता म्हटलंय, तुर्कीत अता म्हणजे बाप, अतातुर्कमधला तोच, आणि आपली बापाची बहीण आत्या. तेलुगूत अत्ता म्हणजे आत्या आणि सासूसुद्धा. यांतलं काय पाळण्यातलं आणि काय घेतलेलं, हे वेगळं करायला आणखी एक संध्याकाळ लागेल. बोलावलंत तर येईन.

अध्यक्षबाई घड्याळ दाखवतायत. पण सिंहस्थातलं पोर मी मांडवात बसवून ठेवलंय, त्याला तसं टाकून जाता येणार नाही.

मी भोंग्यावर 'पिताजी'च्या जागी 'दादाजी' म्हटलं. एकदाच म्हटलं. रस्त्याच्या पलीकडे, आमच्यापासून शंभर पावलांवरही नाही, एका झाडाखाली गाठोडं घेऊन एक म्हातारा सकाळपासून बसला होता. हरवलास तर याच झाडापाशी ये, असं त्याने नातवाला सांगून ठेवलं होतं, म्हणून तो तिथून हलला नव्हता. माझी प्रत्येक घोषणा त्याने ऐकली होती. दुसऱ्या कुणाच्या तरी पोराचा बाप शोधतायत, असं त्याला वाटलं होतं. तो धोतर सावरत आला. मुलाला पाहिलं आणि त्याच्या तोंडून एकच शब्द निघाला, "बबुआ!"

पोर म्हणालं, "बाबा." सकाळपासून म्हणत होतं तस्संच. मग त्याने मूठ उघडली आणि ते काळं पडलेलं अर्धं केळं आजोबांच्या तोंडाला लावलं.